दहा मिनिटं पुढे

ऑफिसच्या फायली साठवणारा नवा डबा, म्हणजे छोटं स्टोरेज मशीन, यूजर्सच्या मुख्य यादीला जोडायचा होता, म्हणजे सगळ्यांना एकच पासवर्ड पुरला असता. पण सकाळपासून यादीचा सर्व्हर त्याला दारातही उभं करेना.

नेटवर्कवाली ताई वैतागून पुन्हा सेटिंग बघायला बसली आणि ताडकन उठली. "अहो, डब्याच्या आणि सर्व्हरच्या वेळेत दहा मिनिटांचा फरक! म्हणून सर्व्हर याला खोटा ठरवतोय. डब्याची वेळ कुणी लावली?"

"मी. भिंतीवरचं घड्याळ बघून," म्हणत साहेबांनी जीभ चावली. लोक वेळेवर यावेत म्हणून ते त्यांनीच पुढे करून ठेवलं होतं.

ताईनं वेळ सुधारली. पडद्यावर भराभर ऑफिसातल्या चाळीसच्या चाळीस जणांची नावं उतरली!

"साहेब," ती टाळी वाजवत ओरडली, "तुमच्या घड्याळावर विश्वास ठेवणारा इतक्या वर्षांत हा डबा एकच भेटला!"