ओडेलच्या गाण्यातले पाय

"'एक मुलगा' नाही," डेल्फीन म्हणाली. "ओडेल टार्व्हर. माझ्या भावाला नाव होतं. आणि त्याला मारणाऱ्यालाही आहे."

गाण्याचे शब्द माझे होते. नावं घालायचं धाडस मला झालं नव्हतं.

"प्रोफेसर मनातसुद्धा कुजबुजतो," ड्रमवरून रेफील्ड म्हणाला. सगळे हसले. प्रोफेसर म्हणजे मी; मीही हसलो.

१९७२चा मार्च होता. आमच्या काळ्यांच्या वस्तीत, मिस आयोलांच्या ब्युटी पार्लरखालच्या तळघरात आमची रेकॉर्ड तयार होत होती. घरभाडं, मोटार कारखान्यातली कपात, व्हिएतनामहून पेट्यांतून परतलेली पोरं, असले विषय. पण चाली अशा की रेफील्ड वाजवू लागला की बसून राहणं अवघड. शेवटचं गाणं ओडेलचं. ब्रॅनिगन नावाच्या गोऱ्या पोलिसाने त्याला गल्लीत पाठीत गोळ्या घातल्या होत्या, आणि कोर्टाने ब्रॅनिगनला सोडून दिलं होतं. रेकॉर्डवर ही दोन नावं राहावीत, एवढंच डेल्फीनला हवं होतं.

नावांसकट गाणं टेपवर उतरलं आणि तेवढ्यात दार लाथेने उघडलं. ब्रॅनिगन स्वतः आला होता, बरोबर आणखी दोघे. क्लबात डेल्फीनने ते गाणं एकदा आधीच नावांसकट म्हटलं होतं.

"माझं नाव फार सुरात घेतेस म्हणे," तो डेल्फीनला म्हणाला. "टेप कुठाय?"

त्याच्या माणसांनी रेफील्डला फरफटत नेलं आणि त्याचा उजवा हात लोखंडी दाराच्या चौकटीवर दाबून धरला.

"पोरा, कुठल्या हाताने वाजवतोस?"

पोरा! गोरे आमच्यातल्या म्हाताऱ्यालाही पोरच म्हणत; रेफील्डला स्वतःची दोन पोरं होती.

"दोन्ही," रेफील्ड म्हणाला. "तुला एका वेळी एकच जमतो का?"

ब्रॅनिगनने दार आपटलं. मग पुन्हा आपटलं. तो आवाज मला लिहिता येत नाही.

"आता डावा."

डेल्फीनने टेप काढून त्याच्या छातीवर फेकली. त्याने ती कचऱ्याच्या डब्यात जाळली, ड्रमची कातडी सुरीने फाडली आणि जाता जाता माझ्या तोंडावर ठोसा मारला. माझे दोन दात पडले. मी त्याला काहीच म्हणालो नव्हतो; बहुधा तेच त्याला आवडलं नसावं.

"का दिलीस?" रेफील्ड किंचाळला.

"तुझा दुसरा हात जात होता!"

"हात माझा होता! तुला कोणी विचारलं?" त्याने डाव्या हाताने तिच्या दिशेने खुर्ची भिरकावली. ती भिंतीवर फुटली.

आवाज ऐकून मिस आयोला खाली आल्या, मागे केसांत रोलर अडकवलेल्या चार बायका. "याला दवाखान्यात न्या."

"आधी गाणं," रेफील्ड म्हणाला.

"ड्रम कुठायत, वेड्या?"

"मिस आयोला, आपल्या चर्चमध्ये ड्रम कधी होते?"

नव्हते. तिथे ड्रम म्हणजे पाप. आम्ही सगळे लाकडी जमिनीवर पाय आपटत वाढलो होतो. मिस आयोलांनी त्याचा हात टॉवेलात गुंडाळला, फाटलेले ड्रम ढकलले आणि त्यांच्याखालच्या चौथऱ्याच्या फळ्यांवर उभ्या राहिल्या. बायकाही चढल्या. मशीन सांभाळणाऱ्या क्लीओने नवी टेप लावली.

पहिला पाय रेफील्डचा पडला. मग सगळ्यांचे. टॉवेलातून रक्त फळ्यांवर गळत होतं, त्यावर बायकांच्या टाचा घसरत होत्या. तिसऱ्या कडव्याला रेफील्ड कोसळला. क्लीओ थांबवायला निघाला, तर डेल्फीनने त्याचं मनगट पकडलं आणि गात राहिली. ओडेल टार्व्हर. ब्रॅनिगन. बायकांनी ताल सोडला नाही.

रेकॉर्ड निघाली. एकाही रेडिओने लावली नाही. दुकानदारांनी खोकी न उघडताच परत केली. रेफील्डच्या पडण्याचा तो आवाज तिच्यात आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी चुकलंय.

रेफील्डची तीन बोटं त्याच दिवशी कापावी लागली. शुद्धीवर येताच त्याने विचारलं, "नाव आलं का?"

"दोन्ही आली," डेल्फीन म्हणाली.

त्याने मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड केलं. ती वर्षभर त्याच्या दाराशी जात राहिली. "तुला कोणी विचारलं होतं?" एवढंच तो आतून म्हणे; दार त्याने उघडलं नाही.