चिठ्ठी नंबर एकशे चौदा

आमच्या वहिनीला खुन्यापेक्षा लेखकाला पकडण्यात जास्त मजा येते. पुस्तक रहस्यकथेचं हवं आणि तेही आमच्या तरुणपणीच्या काळात घडणारं. मग ती पेन्सिल कानावर अडकवून बसते आणि दर दहा पानांनी माझ्या नावाने हाका मारते.

"वन्सं, ऐका! खुन्याने म्हणे प्लास्टिकच्या बादलीत रक्ताचे कपडे भिजवले. त्या साली कुणाच्या न्हाणीत होती हो प्लास्टिकची बादली?"

"कुणाच्याच नाही," मी म्हणते. "पितळेची होती, आणि ती उचलताना माझी कंबर जायची."

चुकांची यादी झाली की ती प्रकाशकाला पत्र लिहिते. आजवर तिघांची उत्तरं आली. एकाने तर पुढच्या आवृत्तीत बादली बदलली, तेव्हा वहिनी आठवडाभर जमिनीला पाय लावत नव्हती.

टेलिफोनचं खातं माझ्याकडे. मी बत्तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसले, कानाला हेडफोन आणि समोर दोऱ्यांचा गुंता. पुस्तकातल्या इन्स्पेक्टरला बाहेरगावचा फोन दोन मिनिटांत लागला की मी खो-खो हसते. अरे बाबा, दोन तास लागायचे! तेवढ्यात खुनी लग्न करून संसाराला लागला असता.

लग्न मी केलं नाही. दादा गेल्यापासून वहिनी आणि मी एकत्र राहतो, त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. पुस्तक एकच आणतो. सकाळी मी वाचते, दुपारी ती, खुणेच्या पट्ट्या दोन. जी पुढे असेल तिने खुनी सांगायचा नाही, हा घरातला एकमेव कडक कायदा.

गेल्या मंगळवारी मी पुढे होते. पुस्तक चांगलं रंगलं होतं. खून आमच्याच काळातला, आणि गंमत म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमध्येच झालेला. हा कोण लेखक मला माहीत नाही, पण बोर्ड कसा असतो, दोरी कशी खोचतात, सुपरवायझर बाई मागून कशी फिरते, सगळं शिंच्याने बरोब्बर लिहिलं होतं. मी खूश. आणि मग एकशे त्रेचाळिसावं पान आलं.

त्या पानावर इन्स्पेक्टरला एक गोष्ट कळते, जी आम्हा बोर्डावरच्या मुलींशिवाय जगात कुणालाही ठाऊक नव्हती. बाहेरगावचा फोन आला की शेजारची मुलगी चिठ्ठी लिहायची. वर चिठ्ठीचा नंबर, खाली कुणाचा फोन, कुणाला हवाय. चिठ्ठ्या आमच्यासमोर साचायच्या आणि आम्ही एकेक घेऊन त्या नंबरवर घंटी द्यायचो. पाळी संपताना समोर चिठ्ठ्या उरल्या तर सुपरवायझर सगळ्यांसमोर झाडायची. म्हणून शेवटच्या पाच-दहा मिनिटांत आम्ही "पाटी पुसायचो". चिठ्ठी न वाचता, घंटी न देता, तिच्यावर लिहायचं "उत्तर नाही", आणि पलीकडच्या गावच्या ऑपरेटरला फक्त चिठ्ठ्यांचे नंबर सांगून मोकळं व्हायचं. ज्याला गरज असेल तो पुन्हा लावेल, असं आम्ही म्हणायचो. सगळ्याच पुसायच्या. त्यात पाप वाटायचं नाही.

मलाही एका गुरुवारपर्यंत वाटलं नाही.

दादा तेव्हा लांबच्या गावी पुलाच्या कामावर मुकादम म्हणून गेला होता. जाताना वहिनीचं आणि त्याचं कडाक्याचं वाजलं. तिला तो जायला नको होता. तो म्हणाला, "गुरुवारी चारच्या सुमारास फोन करतो, शेजारी जाऊन बस." आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या डॉक्टरांकडे होता. वहिनी रागात म्हणाली, "केलात तरी मी उचलणार नाही." तिनेच हे मला पुढे कितीदा सांगितलं, प्रत्येक वेळी पदराने डोळे पुसत. बोलून गेली आणि गुरुवारी तीन वाजल्यापासून डॉक्टरांकडे फोनशेजारी जाऊन बसली. सातपर्यंत बसली. फोन वाजलाच नाही. शुक्रवारी सकाळी पुलाला बांधलेली बांबूंची परांची कोसळली आणि दादा गेला.

"माझ्यावर रुसूनच गेले हो," असं ती पंचेचाळीस वर्षं म्हणतेय. फोनसुद्धा केला नाही, इतके रुसले.

त्या गुरुवारी माझी पाळी चारला संपत होती. माझ्या मांडीवर बोर्डाखाली एक रहस्यकथा उघडी होती आणि शेवटचं प्रकरण चालू होतं. खुनी कोण हे कळायला चार पानं उरलेली. समोर पाच चिठ्ठ्या. मी पुस्तकावरची नजर न काढता पाचांवर "उत्तर नाही" लिहिलं आणि लाइनवर सांगितलं, एकशे बारा ते एकशे सोळा, उत्तर नाही.

दादाचे दिवस झाल्यावर मी कामावर गेले, तेव्हा राहवेना म्हणून त्या दिवसाचा गठ्ठा सोडला. एकशे चौदा. डॉक्टरांचा नंबर, बोलावणाऱ्याच्या जागी दादाचं नाव, आणि खाली माझं अक्षर. ती चिठ्ठी मी बारीक फाडली आणि संडासात टाकली. पुरावा नष्ट करणं काय असतं ते मला कुठल्या पुस्तकाने शिकवायची गरज नाही.

आणि आता हा लेखक! आमच्यातल्याच कुणीतरी बाईने त्याच्यापाशी तोंड उघडलं असणार. वहिनीची पट्टी एकशे वीसवर होती. म्हणजे दुपारी ती तिथे पोचणार. मी पुस्तक पिशवीत कोंबलं आणि चपला घालून तडक लायब्ररीत परत देऊन आले.

"परत दिलंत?" वहिनी ओरडली. "खुनी कोण ते कळल्याशिवाय मी मरू का?"

"त्यांनी मागितलं," मी म्हणाले. "मागणी आहे म्हणे फार."

"मग खुनी तरी सांगा."

"कायदा आहे ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. चहा ठेवायचा आणि उतू घालवायचा, हेच चाललं होतं. रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली. बोलावं असं शंभरदा वाटलं. पण सांगणार काय? फोन आला होता, इतकंच सांगून थोडंच भागणार होतं? तो आला होता, म्हणजे पलीकडे दादाला कुणीतरी काय सांगितलं तेही सांगावं लागणार. "केलात तरी उचलणार नाही" असं ऐकून गेलेल्या माणसाला तिथल्या ऑपरेटरने माझेच शब्द ऐकवले असणार. हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? आणि सांगून तिचं भलं होणार की मला एकटीला हलकं वाटणार? माझं मलाच कळेना, आणि स्वतःचा असा संताप यायचा की भांडी आदळत होते.

शुक्रवारी दुपारी मी डोळा लागून उठले, तर वहिनी टेबलाशी बसलेली. समोर तेच पुस्तक. काठी टेकत एकटी लायब्ररीत जाऊन घेऊन आली होती, दोन जिने चढून! कानावर पेन्सिल आणि हातात कागद. 

"कसली मागणी न कसलं काय," ती म्हणाली. "कपाटात धूळ खात पडलं होतं. बसा. संपलं माझं. खुनी मी एकशे सत्तराव्या पानावरच ओळखला होता. पण वन्सं, या माणसाने तुमच्यावर काय चिखल उडवलाय, वाचलंत ना? म्हणूनच परत दिलंत, मला कळलं. मला वाईट वाटेल म्हणून."

मी खुर्ची ओढून बसले. 

"बाकी चुका तीनच आहेत, त्या किरकोळ. ही चौथी मी सोडणार नाही." तिने कागद डोळ्यांजवळ धरला आणि वाचू लागली. "पान एकशे त्रेचाळीसवर आपण लिहिले आहे की, ऑपरेटर मुली घंटी न देताच उत्तर नाही असे लिहीत. हे साफ खोटे आहे. माझी नणंद बत्तीस वर्षे बोर्डावर होती. माझे यजमान वारले त्याच्या आदल्या दिवशी मी चार तास फोनपाशी बसले होते आणि माझी नणंद बोर्डावर होती. फोन आला असता तर तिने तो माझ्यापर्यंत पोचवलाच असता. एवढी एक गोष्ट मला आयुष्यात खात्रीने माहीत आहे."

तिने कागद माझ्यापुढे सरकवला आणि कानावरून पेन्सिल काढून दिली.

"खाली सही करा. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, असं लिहा. तुमच्या सहीने वजन येईल."

मी पेन्सिल हातात घेतली. सही करायला दोन सेकंद लागले असते. खरं सांगते, टोक कागदाला टेकवलंही होतं.

"वहिनी," मी म्हणाले, "लेखकाचं बरोबर आहे."

"काय?"

"आम्ही तसंच करायचो. सगळ्याच. त्या गुरुवारी मीही केलं. एकशे चौदा नंबरची चिठ्ठी दादाची होती. मी वाचली नाही. घंटी दिली नाही. नंतर गठ्ठ्यात सापडली ती फाडून टाकली."

तिने पुस्तक मिटून बाजूला सारलं.  

"म्हणजे फोन आला होता," ती म्हणाली.

"हो."

"किती वाजता?"

"चारला पाच कमी असताना."

"मी तिथेच होते. हात फोनवर होता माझा." तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "रुसले नव्हते म्हणजे."

"नाही गं. नव्हता रुसला."

तिच्या तोंडावर काहीतरी उजळलं, आणि मला वाटलं देव पावला, इथेच थांबू दे. पण ती रहस्यकथा वाचणारी बाई. पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय ती कशी राहील?

"त्यांना तिकडे काय सांगितलं असेल?"

मी मान खाली घातली. "उत्तर नाही."

ते तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. पोचल्यावर ती रडली नाही, ओरडली नाही. माझ्या हातातून पेन्सिल घेतली, चष्मा पुसला आणि यादीतल्या चौथ्या चुकीवर काट मारली. एकदा, मग पुन्हा एकदा, कागद फाटेपर्यंत.

"घंटी का नाही दिलीत?"

"मी वाचत होते," मी म्हणाले. "बोर्डाखाली पुस्तक होतं. शेवटची चार पानं राहिली होती."

"रहस्यकथा?"

"हो."

तिने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"कोण होता खुनी?"

मी तोंड उघडलं. आठवून आठवून पाहिलं. ते पान आठवलं, त्याचा दुमडलेला कोपरा आठवला, चिठ्ठीवरचं माझं अक्षर आठवलं.

"आठवत नाही," मी म्हणाले.