वाइल्ड-आइड माणूस

भाषांतरवाल्या बाईंचा स्वभाव मुळातच संशयी. दूध उतू गेलं तरी गॅस कोणीतरी मुद्दाम मोठा केला असणार, असं त्यांना वाटायचं. बातम्यांच्या कचेरीत हा गुण खपून जातो. घरात खपत नाही, पण ते असो.

त्या दुपारी एक इंग्रजी बातमी भाषांतराला आली. शाळेच्या फाटकापाशी एक 'वाइल्ड-आइड' माणूस भिंत चाचपत फिरत होता. त्यानं एका मुलीचा हात धरला आणि आरडाओरडा होताच तो पसार झाला. शाळा बाईंच्याच लेकीची!

त्यांनी लगेच घरी फोन लावला. "चिमणी आली का?"

"आली. शेजारणीनं आणली," सासरे म्हणाले. आवाज पडलेला होता, पण बाईंचं लक्ष होतं कुठे!

आता राहिला तो शब्द. शब्दकोशात विस्फारल्या डोळ्यांचा, भेदरलेला, असे साधे अर्थ होते आणि सगळ्यात शेवटी माथेफिरू.

"विस्फारल्या डोळ्यांचा एवढंच लिहा," शेजारच्या टेबलावरचे जुने सहकारी म्हणाले. "डोळ्यांवरून डोक्यातलं काय कळतंय?"

"तुमचं लेकरू त्या शाळेत असतं म्हणजे कळलं असतं!" बाई फटकन बोलल्या आणि त्यांनी ठोकून दिलं, 'शाळेपाशी माथेफिरू मोकाट'. घटकाभरात मथळा गावभर मोबाइलवर फिरला.

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा इमारतीखाली माणसं काठ्या, सळया घेऊन उभी होती. आपली बातमी लोकांनी मनावर घेतली म्हणून बाईंना बरंच वाटलं, खोटं कशाला बोला.

घरात सासरे अंधारात बसले होते.

"दिवा लावू नकोस गं. दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातलेत, बाहुल्या अजून मोठ्याच आहेत. उजेड सहन होत नाही."

"सरळ घरी आलात ना? बजावलं होतं मी."

म्हातारा एवढंसं तोंड करून म्हणाला, "चिडू नकोस. म्हटलं, वाटेत शाळा आहे, चिमणीला घेऊनच जावं. धड दिसेना, भिंत धरून गेलो. तोच गणवेश, तशाच वेण्या. हात धरला तर दुसरीच पोर! तिची आई अशी किंचाळली की मी पळालोच. या वयात! कोणाला सांगू नकोस हं."

बाई मोबाइलवर कचेरीचा नंबर शोधू लागल्या. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"काका, माथेफिरू इकडेच आलाय म्हणतात! कोणी दिसलं का?"

बाई वळेपर्यंत सासऱ्यांनी काठी घेऊन दार उघडलंसुद्धा. "घरात लहान पोर आहे आमच्या. चला, मीही येतो शोधायला."

जिन्यातला उजेड त्यांच्या तोंडावर पडला. पुढचा माणूस त्या टपोऱ्या काळ्या डोळ्यांकडे बघतच राहिला. त्यानं सळईवरची मूठ आवळली.

बाई धावत मध्ये आल्या. "माथेफिरू नाहीत हो! सासरे आहेत माझे! डोळ्यांत औषध घालून नातीला आणायला गेले होते. बातमी मी लिहिली. तो शब्द माझा आहे, चुकले मी!"

सळई खाली आली. एकेक जण मुकाट्यानं जिना उतरू लागला.

"सूनबाई," म्हातारा हळूच म्हणाला, "म्हणजे हे सगळे मलाच मारायला निघाले होते?"

सासऱ्यांनी काठी बाईंच्या हातात दिली आणि भिंत चाचपत ते आत गेले.