कोटातला फायरमन

माझ्या मुलाच्या दिवाणखान्यात भिंतभर वाफेची इंजिनं टांगलेली आहेत. आपल्याकडची नव्हेत, इंग्लंडची. काळ्या शेडा, चिखल, धूर, आणि माणूस म्हणाल तर औषधालाही नाही. उज्ज्वल जर्मनीत रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनीयर आहे, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या विभागात. आठवडाभर धूर बंद करायचा पगार घ्यायचा आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून धुरामागे पळायचं, असा त्याचा संसार. सूनबाई कीर्ती शहाणी आहे. ती या भिंतीकडे पाठ करून बसते.

हे फोटो ग्रॅहम नावाच्या म्हाताऱ्या इंग्रजाचे. तिकडची वाफेची इंजिनं शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा हा शाळकरी पोरगा होता. कुंपणावरून उड्या मारून शेडांमध्ये शिरायचा आणि फोटो काढायचा. पुढे जर्मन बायको केली आणि बॉनला स्थायिक झाला. आता तो उज्ज्वलसारख्या हौशी लोकांना गोळा करून जर्मनीतल्या जुन्या शेडांमधून फिरवतो. उज्ज्वल त्याला गुरू मानतो. एकदा गुरू केला की अक्कल गहाण टाकावी लागते, तशी त्यानं टाकली आहे.

आम्ही दोघं इथं आल्या आल्याच मी विचारलं होतं, "का रे, या शेडांमध्ये कामाला कुणी नव्हतं का? इंजिनं आपल्या हातानंच कोळसा खायची?"

"आई, माणसं आली की फ्रेम बिघडते," तो म्हणाला. "ग्रॅहम म्हणतो, क्लीन फ्रेम पाहिजे."

मी भुसावळला जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. क्लीन काय असतं ते मला ठाऊक आहे. आमचे हे, म्हणजे देवानंद, भुसावळच्या शेडमध्ये आधी इंजिनं पुसायला आणि मग फायरमन म्हणून होते. ते कामावरून आले की नुसते डोळे ओळखू यायचे. त्यांचे कपडे मी वेगळ्या बादलीत सोडा घालून भिजवायचे, दगडावर आपटायचे, तरी पाणी काळंच निघायचं. उज्ज्वल जन्मला तोवर हे विजेच्या इंजिनावर गेले होते. पोरानं बाप पाहिला तो इस्त्रीच्या शर्टातला. काजळी त्याच्या बापाच्या नखांतून गेली तेव्हा याच्या डोक्यात शिरली असावी.

आमच्याकडेही वाफेच्या शेवटच्या वर्षांत गोरे लोक कॅमेरे घेऊन येत. इंजिनासमोर उभे राहत आणि कोंबड्या हुसकाव्यात तसे हात हलवून यांना बाजूला करत. यांना राग नाही आला. हे म्हणायचे, "अशा अवतारात कशाला फोटो? एक दिवस कोट घालून जाईन आणि मग काढून घेईन." तो दिवस काही आला नाही. इंजिनं भंगारात गेली आणि यांचा इंजिनाबरोबर एकही फोटो नाही.

आमच्या वस्तीत फोटो म्हणजे कोट. गावातल्या स्टुडिओत खुंटीला एक कोट कायम टांगलेला असायचा. माझ्या सासऱ्यांचा एकुलता एक फोटो त्याच कोटातला आहे, बाह्या पार बोटांपर्यंत आलेल्या. बाबासाहेब कोटात उभे राहिले ते काही थंडी वाजत होती म्हणून नव्हे, हे आमच्यात लहान पोरालाही कळतं. कुणाला हसू येत असेल तर येऊ दे. ज्यांच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या धड कपडा होता, त्यांनाच मळक्या कपड्यांची हौस असते.

तर जर्मनीला यायचं ठरलं तेव्हा यांनी पोराजवळ एकच गोष्ट मागितली. पेटलेल्या इंजिनापाशी, कोट घालून, एक फोटो, आणि तो पोरानं काढलेला. राजवाडे नकोत, बोटीतली सफर नको. उज्ज्वल फोनवर ताबडतोब "या, या, बाबा, नक्की" म्हणाला; जर्मनीत हो ला "या" म्हणतात. इकडे राहून त्याला हो म्हणायची ही सवय लागली आहे. यांनी पोराच्या लग्नातला निळा सूट बॅगेत सगळ्यात वर ठेवला.

संधीही आली. रेगेन्सबर्गपासून दोनेक तासांवर एका जुन्या शेडमध्ये एक इंजिन होतं. त्याच्या बॉयलरच्या परवान्याची मुदत संपत आली होती. शेवटचं एकदा पेटवणार, मग ते थंड होऊन संग्रहालयात उभं राहणार. ग्रॅहमनं त्या दिवसासाठी आपली टोळी बोलावली. उज्ज्वलनं आम्हालाही गाडीत घातलं.

तिथं पोचलो तर पंचवीस-तीस बाप्ये एका दोरीमागे ओळीनं उभे. सगळ्यांच्या अंगावर बिनबाह्यांची खिसेच खिसे असलेली जाकिटं, पुढे कॅमेऱ्यांच्या तिवया. त्या दोरीला म्हणे फोटोलिनिए म्हणतात. तिच्यापुढे कुणी पाऊल टाकायचं नाही, हा त्या लोकांचा धर्म. इंजिन शेडच्या दाराशी फुसफुसत होतं आणि ही सगळी मंडळी आभाळाकडे तोंड करून ऊन पडायची वाट बघत होती. ऊन पडलं की खटाखट बटणं दाबायची, ढग आला की पुन्हा आ वासायचा. कुणी मोबाइल बघायला अर्धं पाऊल पुढे आला तर मागून सगळे खेकसायचे, "राउस! राउस आउस डेम बिल्ड!" चित्रातून बाहेर हो, एवढाच त्याचा अर्थ. इतक्या शिकल्यासवरल्या माणसांचा वेळ असा जाताना पाहून मला माझ्या शाळेतली मधली सुटी जास्त शिस्तीची वाटली.

सगळ्यात कहर म्हणजे दोन जर्मन तरुण. क्लबातलेच, एक दातांचा डॉक्टर आणि दुसरा बँकेत. त्यांना जुने कळकट कपडे घालून, तोंडाला बुटाचं काळं पॉलिश फासून इंजिनाजवळ उभं केलं होतं. ते झाले फायरमन. म्हणजे माणूस आलेला या मंडळींना चालतो, फक्त तो खोटा हवा.

हे मात्र खुशीत होते. सूट, निळा टाय, बूट चकचकीत. इंजिनाची ऊब लांबूनच तोंडावर घेत उभे होते. "अंजना, वास तोच आहे गं," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हाला वास, मला धुणं आठवतं." तर हसले.

"बाबा, आधी ग्रुपचे शॉट होऊ देत," उज्ज्वल म्हणाला. "सगळ्यात शेवटी तुमचा काढतो."

"चालेल," हे म्हणाले.

दुपारी पोरानं गुरूजवळ तोंड उघडलं, माझे वडील खरे फायरमन होते म्हणून. ग्रॅहम लगबगीनं आला. यांचा हात दोन्ही हातांत धरला, डोळे ओले केले. मला इंग्रजी कळतं, त्यामुळे मी ऐकत होते. इतकी वर्षं शेडा धुंडाळल्या पण आता खरा माणूस मिळाला, असं काय काय बोलला. मला क्षणभर वाटलं, उगीच नावं ठेवली म्हाताऱ्याला. तेवढ्यात त्यानं त्या दातांच्या डॉक्टरच्या अंगातलं मळकं जाकीट काढून घेतलं आणि उज्ज्वलच्या हातात दिलं. वर पॉलिशची डबी.

उज्ज्वल ते सगळं घेऊन आमच्यासमोर आला. "बाबा, फक्त पाच मिनिटं. हे घालायचं आणि तोंडाला थोडंसं लावायचं. ग्रॅहमला तुम्हालाच घेऊन मेन शॉट करायचाय. आल्झो, म्हणजे विचार करा, सगळे तुमचा फोटो काढणार!"

यांनी जाकिटाकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं. म्हणाले, "मी आंघोळ करून आलोय."

"बाबा, पण ते ऑथेंटिक दिसेल."

"मग त्या डॉक्टरलाच राहू दे. त्याला हौस आहे."

"अहो बाबा, माझ्यासाठी. मी सांगून बसलोय त्यांना."

आता मात्र मला राहवेना. "उज्ज्वल," मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या अंगावरचं हे काळं घालवता घालवता माझ्या हातांची सालं निघाली. त्या काळ्यातूनच हे वर चढले, म्हणून तुझी फी भरली गेली आणि तू इथवर आलास. आता तूच डबी घेऊन ते परत लावायला आलास होय? लाज कशी वाटत नाही?"

त्याला लाज वाटली, पण आमची नाही, गुरूसमोर. खाली मान घालून जाकीट परत देऊन आला. ग्रॅहमचे डोळे झटकन कोरडे झाले. त्यानंतर त्यानं आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खरा फायरमन सूट घालून आला म्हणजे त्याच्या लेखी तो फायरमनच उरला नाही.

ढग दाटत चालले. ग्रॅहमनं ओरडून सांगितलं की आता शेवटचा शॉट, त्यानंतर इंजिनातला विस्तव खाली ओढणार. मी उज्ज्वलकडे पाहिलं. तो कॅमेऱ्यात डोकं खुपसून बसला होता. दिलेला शब्द त्याला आठवतच नव्हता, आणि आठवत असला तर आणखी वाईट.

"अहो," मी यांना म्हटलं, "यानंतर विस्तव काढणार म्हणे. मग फोटो राहूनच जाईल."

हे पुढे झाले. कोटाची बटणं लावली, टाय सारखा केला, दोरी उचलली आणि खालून वाकून पलीकडे गेले. शांतपणे चालत इंजिनापर्यंत पोचले, वळले आणि उभे राहिले. शाळेच्या फोटोत उभं करतात तसे, हात सरळ, मान ताठ. आणि नेमकं तेव्हाच ऊन पडलं.

काय गिल्ला झाला म्हणून सांगू! राउस, राउस, राउस! कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी टोपी आपटली. एक खोटा फायरमन यांना दंडाला धरून ओढू लागला, तर यांनी त्याचा हात सभ्यपणे बाजूला केला. यांना जर्मन येत नाही, त्यामुळे तो आरडाओरडा यांच्यापर्यंत पोचत नव्हता. पण त्या सगळ्या गोंगाटात एक आवाज मराठी होता, आणि सगळ्यांत मोठा होता.

"बाबा, बाजूला व्हा! अहो, बाजूला व्हा ना!"

तो यांना कळला. तरी हलले नाहीत. पोराच्या कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले. ऊन जाणार असं दिसल्यावर सगळ्यांनी नाइलाजानं बटणं दाबली, उज्ज्वलनंही दाबलं. ती खटखट ऐकून यांचं समाधान झालं. ओळीसमोरून परत येताना हे एकेकाला मान लववून "थँक यू, थँक यू" म्हणत होते. सगळे आपापल्या कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होते. एवढे कॅमेरे होते, पण माणुसकीचं भांडं सगळं पालथं.

परतीच्या वाटेवर उज्ज्वल गाडी चालवत होता की रस्त्यावर राग काढत होता कळेना. "माझी तिथं काही इज्जत राहिली नाही," एवढंच तो दोनदा म्हणाला. हे मागच्या सीटवर सुटातच झोपी गेले, तोंडावर हसू. त्यांचं काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला उज्ज्वलसाहेबांचा मूड एकदम छान. लॅपटॉप घेऊनच टेबलाशी आला. "बाबा, बघा! वाचला फोटो!"

आम्ही दोघं वाकलो. इंजिन होतं, वाफ होती, ऊन असं पडलं होतं की चाकं सोन्याची वाटावीत. बाकी काही नव्हतं. यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"इथं मी होतो ना?" त्यांनी बोट ठेवून विचारलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" उज्ज्वल म्हणाला. "कळतच नाही ना? रात्रभर बसून काढलंय. ग्रॅहमला पाठवला, तो खूश आहे. म्हणाला, आता झाली क्लीन फ्रेम."

कीर्तीच्या हातातला चमचा तसाच राहिला. मला इतका राग आला की मी लॅपटॉपचं झाकणच पाडणार होते. हे मात्र रागावले नाहीत. खुर्ची जरा पुढे ओढली आणि लेकाला म्हणाले, "छान. आता मला परत घाल."

"परत?"

"मी तिथं होतो. तूच काढलास फोटो. परत घाल."

 मग कीर्ती म्हणाली, "घाल ना रे. अनडू कर, मी इथंच उभी आहे." त्यानं मुकाट्यानं लॅपटॉप आपल्याकडे वळवायला घेतला, पण यांनी स्क्रीन सोडली नाही. तो बटण दाबत गेला आणि हे आमच्यासमोर तुकड्यातुकड्यानं परत येऊ लागले. आधी चकचकीत बूट आले, मग पँटची इस्त्री, मग कोटाची बटणं आणि निळा टाय. खांद्यांवर बराच वेळ नुसती वाफ होती. चेहरा सगळ्यात शेवटी आला.

"व्वा, टाय सरळ आहे," हे म्हणाले, आणि खूश होऊन चहाचा कप उचलला.

मी जन्मभर पोरांना फळा पुसायला लावला आहे. जे सगळ्यात शेवटी परत येतं ते सगळ्यात आधी पुसलेलं असतं, एवढं मला कळतं. माझ्या पोरानं सुरुवात बापाच्या तोंडापासून केली होती. मी उज्ज्वलकडे पाहिलं. त्यालाही ते कळलं होतं, कारण तो लॅपटॉपवरून मान वर करेना.