साइटवर बघून घेऊ

...ठिपका पुन्हा उमटला होता. लाल, ज्वारीच्या दाण्याएवढा. शैलेंद्रने इमारतीचं मॉडेल स्क्रीनवर फिरवलं, जवळ आणलं, तसा ठिपक्याचा पाइप झाला – सांडपाण्याचा पाइप, तळघरातल्या काँक्रीटच्या तुळईतून आरपार गेलेला. दोन वस्तू एकाच जागी आल्या की हा नवा प्रोग्राम लाल होतो. गेल्या महिन्यातही झाला होता, आणि मी... मी त्यावर 'मान्य' दाबून मोकळा झालो होतो.

विचार असा केलाच नव्हता. पुण्यात इतकी वर्षं नकाशे काढले. असं काही आडवं आलं की साहेब म्हणायचे, साइटवर बघून घेऊ – आणि खरंच बघून घेतलं जायचं, छिन्नी होती, माणसं होती, पाइप वाकायचा नाहीतर तुळई फुटायची आणि वरून प्लास्टर व्हायचं. इथे, डचांच्या देशात, बघून घेणारं कुणी नसतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, त्यानेच ऐकलं नसेल. इथे कारखाना थेट मॉडेलवरून तुळया ओततो. ओतल्या. भोकाविना. आता भोक पाडायला जावं तर आतल्या ताणलेल्या तारा तुटणार... आणि सोमवारी बुइटनव्हेल्डर्टच्या साइटवर त्या बसवायला क्रेन उभी राहणार.

नोकरी गेली की इथे राहायचं परमिट गेलं. सकाळी रायस्वाइकच्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत बायको, जयंती, खिडकीचं माप घेत होती, म्हणाली, आता पडदे शिवून टाकूया, हे घर आपलं वाटायला लागलंय. संहिता सायकलवर बसताना डचमध्ये काहीतरी बोलली. त्याला कळलं नाही, तो नुसता हसला. एवढ्याशा पोरीला काय सांगायचं – बाबांनी एक बटण दाबलं म्हणून शाळा सोड? त्याला रडू येत होतं, भर दुपारी, ऑफिसात, चीजचं सँडविच समोर ठेवून.

एक वाट होती. पाइप तुळईखालून न्यायचा. त्याने नेला. लाल गेलं, सगळं स्वच्छ झालं, जीव भांड्यात पडला.

मग त्याने तळघरात उतरून पाहिलं, म्हणजे मॉडेलमधल्या. तिथे उंचीचा अंदाज यावा म्हणून त्यानेच एक करडा माणूस उभा केला होता, गंमत म्हणून अगदी स्वतःच्या उंचीचा. पाइप त्या माणसाच्या कपाळातून गेला होता. प्रोग्राम गप्प होता. माणूस त्याच्या हिशेबातच नव्हता.

टीमचा प्रमुख वाउटर कॉफी घेऊन मागे येऊन उभा राहिला. कारखान्याचा माणूस फोनवर थांबलाय, तुळया पाठवू का विचारतोय, म्हणाला.

"शैलेंद्र, ऑल क्लियर?"

आणि स्क्रीनकडे बघून त्याने स्वतःच मान डोलावली. भला माणूस आहे. मॉडेल खोटं बोलत नाही, असं सगळ्यांना सांगत असतो.

हो म्हण. नुसतं हो. सोमवारी... साइटवर बघून... शब्द ओठांपर्यंत आले, आणि शैलेंद्रच्या लक्षात आलं की आपण बसल्या जागी मान खाली घातली आहे, डोक्याला काही लागेल अशी. कधीपासून घातली होती कोण जाणे. मान वर करायला हवी होती. त्याला तो लाल ठिपका परत हवा होता, आणि भीती मात्र तेवढीच होती. वाउटर अजून उभा होता.