पहिला मान

सृष्टीनं सायकल मामाच्या घराच्या भिंतीला टेकवली नाही, आदळली. हँडलला अडकवलेली पिशवी खाली पडली, पांढरा ॲप्रन धुळीत गेला, तरी तिनं वळून बघितलं नाही. दारात बापाच्या वहाणा होत्या. जाड तळाच्या, टाचेला झिजलेल्या, माणदेशच्या मातीनं भरलेल्या. त्या दिसल्या आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दिवसही तसलाच गेला होता. सांगलीच्या या कॉलेजात येऊन तिला दीड महिना झाला, तरी हजेरीत तिचं नाव सगळ्यात खाली, पेनानं लिहिलेलं. बाकीच्यांची छापलेली. सर सगळी नावं घ्यायचे, पान मिटायचे आणि मग आठवल्यासारखं म्हणायचे, "हां, ती नवीन मुलगी." दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत सगळ्यांच्या जोड्या जमलेल्या, जागा ठरलेल्या. आज प्रॅक्टिकलला तिच्या वाट्याला गळका ब्युरेट आला. शेजारच्या टेबलावरची त्रिशला बिचारी चांगल्या मनानं म्हणाली, "आमच्यात ये की, तिघी मिळून करू." तर हिनं तिलाच फटकारलं, "मला नको कुणाची दया." त्रिशलाचं तोंड एवढंसं झालं. मग सृष्टीला स्वतःचाच राग आला, आणि तोही तिनं बापाच्याच नावावर टाकला.

कारण हीच सृष्टी साताऱ्याला पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीत पहिली आली होती. तिथं तिला नाव होतं. हॉस्टेलची खोली होती, संयोगितासारखी मैत्रीण होती, दोघींचं एम.एस्सी.पर्यंतचं सगळं ठरलेलं होतं. ते सगळं जूनमधल्या एका फोनवर गेलं. "दाखला काढलाय. सांगलीला मामाकडं ऱ्हा आन् तितंच शिक." बापानं विचारलं नव्हतं, कळवलं होतं. तिनं रडून बघितलं, दोन दिवस जेवली नाही. बाप म्हणाला, "मेंढरूबी दोन दिस खात न्हाई नव्या वाड्यात. मग खातंय."

आणि यात काय शिजतंय ते तिला कळलं ते माधवनगरात, मामाच्या घरी आल्यावर. शेजारची बाई तिला वरपासून खालपर्यंत बघत मामीला म्हणाली, "ही व्हय तुमची सून? चांगली हाय की." मामी नुसती हसली. नाही म्हणाली नाही.

भाचीवर मामाच्या घराचा पहिला मान. त्यांच्यात ते कुणी बोलून दाखवत नाही, कारण बोलायची गरजच नसते. मामानं नको म्हटलं तरच पोरगी दुसरीकडं दाखवायची. मामाचा अमृत चाकणला कंपनीत, सणाला येणारा, तिच्याशी धड चार वाक्यं न बोललेला. त्याच्यासाठी आपल्याला साताऱ्याहून उचलून आणलं, कॉलेज हे नुसतं निमित्त, आणि हा सगळा डाव या मंगलमामीचा, हे सृष्टीनं त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं. मामी तिला भांड्याला हात लावू द्यायची नाही. "सर तिकडं. पुस्तक घे जा," म्हणून स्वयंपाकघरातून हाकलायची. सृष्टीला वाटायचं, आतापासनंच राखण चाललीय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

ती घरात आली. तिचा बाप, धनाजी, भिंतीशी मांडी घालून बसला होता, पटका बाजूला काढून ठेवलेला. मामा कारखान्यावर होता. मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी.

"आलीस व्हय?" धनाजी म्हणाला. "वाळलीस गं."

"कॉलेजवरनं आलेय. सायकल मारत."

तिच्या बोलण्यातली धार त्याला कळली की नाही, कुणास ठाऊक. तो मामीकडं वळला आणि अर्ध्यावर राहिलेलं बोलणं त्यानं पुढं चालू केलं.

"तर वैनी, आमचा चुलता आप्पासो लय मागं लागलाय. म्हातारं माणूस, म्हंतंय माझ्या डोळ्यांदेखत उरका. तुळशीची लग्नं झाली की धरू या तारीख. अमृतला रजा काढाय सांगा."

"डिग्री व्हायची हाय तिची, दाजी," मामी म्हणाली. "आपलं ठरलं हुतं तसं."

"आवं, व्हईल की लगीन करूनबी. तुमच्याच घरात ऱ्हानार, कुटं पळून जातीय डिग्री?"

सृष्टीनं तोंड उघडलं. दीड महिना साचलेलं सगळं जिभेवर आलं होतं. मी काय शेरडू हाय का, या खुट्याचं सोडून त्या खुट्याला बांधायला? पण शब्द बाहेर पडायच्या आत मामीनं तिचं मनगट धरलं.

"आत ये. चा टाकायचाय."

मागच्या गल्लीत यंत्रमागांची शेड होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती खटखट दिवसभर आत यायची. मामीनं खिडकी सताड उघडली, तसं बाहेरच्या खोलीत काही ऐकू जायचा प्रश्नच उरला नाही.

"सोडा हात," सृष्टी म्हणाली. "झालं ना तुमच्या मनासारखं? मला न्हाई करायचं तुमच्या अमृतशी लगीन. आत्ता बाहेर जाऊन सांगते."

"सांग," मामी म्हणाली. "म्हंजे उद्या तुझा बा तुला गाडीत घालून घिऊन जाईल आन् म्हसवडच्या पोराला दिऊन टाकंल."

"कुठला म्हसवडचा पोरगा?"

"मे महिन्यात तुमच्याकडं पाव्हणं आलं हुतं. चार माणसं, जीप घिऊन. चा कुणी दिला त्यास्नी?"

सृष्टीला आठवलं. चहा तिनंच दिला होता. आईनं नवा ड्रेस घालायला लावला होता, आणि तिला वाटलं होतं, मेंढरांच्या सौद्याला आलेत.

"त्यास्नी पसंत पडली हुतीस. शाळा बंद, दिवाळी झाली की लगीन, इथवर गेलं हुतं. तुझ्या आईनं मला फोन केला, रडत हुती. मग मी दाजींस्नी म्हणलं, असं कसं? पयला मान आमचा. पोरगी आमी करणार. पर मला शिकल्याली सून पायजे, डिग्री झाल्याबिगार न्हाई, आन् तवर पोरगी माझ्या घरात ऱ्हाईल." मामीनं चहाची पूड टाकली. "मामाच्या घरापुढं तुझ्या बाचं काय चालतंय? गप बसला."

"आणि अमृत?"

"त्याचं त्यानं जमवलंय तिकडं. सा म्हैनं झालं मला ठावं हाय. तुझ्या मामाला न्हाई."

सृष्टीचा राग तसाच उभा होता, पण ज्याच्यावर सोडायचा ते माणूस समोरून सरकलं होतं. तिला ते सहन होईना.

"मला का न्हाई सांगितलं? दीड महिना मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालतेय."

"घाल की. मला काय भोकं पडत्यात?" मामी म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुला राग तरी लपवता येतोय का? बारावीत हुते मी, ह्या घरात आले तवा. मलाबी लपवता यायचा न्हाई. शिकले मग."

चहा वर आला. मामीनं गॅस बारीक केला, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा खाली आला.

"पर आता माझं चालत न्हाई बघ. मी अजून थांबा म्हणलं तर दाजी म्हंतील, ह्यास्नी करायचीच न्हाई, म्हणून टाळत्यात. आन् त्यास्नी एकदा तसं वाटलं की गेलं तुझं कॉलेज. मला काय सुचंना. तूच बघ."

सृष्टी कपबशी घेऊन बाहेर आली. साताऱ्याचं कॉलेज गेलं होतं ते गेलंच. आता हे सांगलीचं, शेवटच्या ओळीत पेनानं लिहिलेल्या नावाचं, गळक्या ब्युरेटचं कॉलेजही जाणार होतं, आणि ते गेलं तर पुढं काहीच नव्हतं. एवढा वेळ नकोसं झालेलं ते कॉलेज तिला एकदम हवं झालं.

धनाजीनं बशीत चहा ओतला. "मग? धरू का तारीख?"

"मला न्हाई जमायचं, आबा."

"का गं?"

"मी बिरोबाला बोललेय."

बशी ओठाशी थांबली.

"काय बोललीस?"

"डिग्री हातात आल्याबिगार अंगाला हळद लावून घेणार न्हाई." ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती. "सातारा सुटला, तवा बोललेय."

धनाजीनं बशी खाली ठेवली. त्यानं एकदा छताकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. आता तो ओरडेल असं तिला वाटलं, आणि ओरडावं असंही वाटलं, म्हणजे तिलाही ओरडता आलं असतं. पण त्याचा आवाज मऊ आला.

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय, येडे? देवाला बोललीस म्हंजे झालं. आप्पासोचंबी काय चालतंय तितं." मग म्हणाला, "आन् फेडायचं काय बोललीस?"

यावर तिनं काही ठरवलंच नव्हतं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असं होतं.

"बोकड," मामी उंबऱ्यावरून म्हणाली. "माझ्यासंगंच बोलली ती. मीच फेडणार हाय, सुनंचा नवस माझ्याकडं."

"असं असं," धनाजी म्हणाला. त्याचं समाधान झालं. खिशातून भंडाऱ्याची लहान पुडी काढून त्यानं चिमूटभर घेतला आणि लेकीच्या कपाळावर दाबून लावला. "मन लावून शिक मग. देवाचं हाय."

सृष्टी दात आवळून उभी होती. मला शिकायचंय, मला साताऱ्यालाच राहायचंय, असं तिनं या माणसाला किती वेळा सांगितलं होतं. हात जोडून सांगितलं, उपाशी राहून सांगितलं. ते त्याच्या कानावरही गेलं नव्हतं. आणि देवाच्या नावानं ती एक खोटं बोलली, तर लगेच ऐकलं. तो वाईट माणूस असता तर तिला सोपं गेलं असतं. तो हसत होता, लाडानं बघत होता, आणि तिला तो कधी नव्हे इतका नकोसा झाला होता.

दहिवडीची गाडी गाठायची म्हणून धनाजी निघाला. दोघी दारात उभ्या राहिल्या. तो गल्लीनं चार पावलं गेला न गेला तोच सृष्टीनं ओढणीचं टोक कपाळाकडं नेलं.

"थांब," मामी ओठ न हलवता म्हणाली. "कोपऱ्यावर वळून बघायची सवय हाय त्यास्नी."

सृष्टीचा हात खाली आला. भंडारा भुवईवर सांडत होता, डोळ्यात जात होता, चुरचुरत होता. कोपऱ्यावर धनाजी खरंच थांबला, वळला आणि हात वर केला. मामीनं पदर सावरत हात वर केला. सृष्टीनंही केला.

मग तो दिसेनासा झाला.

"आता पूस," मामी म्हणाली, "आन् अभ्यासाला बस."