आत, आणि लगेच बाहेर

वन्संचा नियम एकच होता. पाखरू पिंजऱ्यात गेलं की दार लावायचं, तीनपर्यंत मोजायचं आणि लगेच उघडायचं.

"एकदा जरी आत घालून विसरलीस ना," त्या मला बजावायच्या, "तर सगळं मुसळ केरात. पिंजरा म्हणजे घर असं तिला वाटलं पाहिजे. कैद नव्हे."

ती म्हणजे भागूबाई. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर शेंदरी ठिपका. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी मुलाकडे राहायला गेले, तेव्हा पिंजरा आमच्या दारात ठेवून गेले. त्यांची पकडायची रीत म्हणजे टॉवेल टाकायचा आणि मुठीत आवळायचं. त्यामुळे हात दिसला, फडकं दिसलं की ते पाखरू जिवाच्या आकांतानं गजांवर डोकं आपटायचं. ह्यांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवून टाकलं, भित्री भागूबाई. पुढे पक्षीवाल्यानं सांगितलं की हा नर आहे. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

वन्सं ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन टाकून तीस वर्षं लोकांचे कपडे बेतले. तोच धीर त्यांनी ह्या पाखराला लावला. पहिला महिना नुसता हात पिंजऱ्याशेजारी ठेवला, हलवला म्हणून नाही. दुसऱ्या महिन्यात तळहातावर सूर्यफुलाच्या बिया. सकाळचा जप संपेपर्यंत बोलायचं नाही, आणि नंतर बोललं तर खोटं बोलायचं नाही, हे माझे जुने नेम. वन्सं म्हणाल्या, "तुझं मौन तरी कुणाच्या उपयोगी पडू दे. बस इथे माळ घेऊन." तशी मी पिंजऱ्याशी बसू लागले. चौथ्या महिन्यात भागूबाई त्यांच्या बोटावरून खांद्यावर, खांद्यावरून मशीनवर अशी हिंडू लागली. परतायची वेळ झाली की वन्सं बोटातल्या अंगुस्तानानं, शिवताना घालायच्या त्या लोखंडी टोपीनं, गजावर तीनदा टकटक करायच्या. पाखरू आपण होऊन आत. दार बंद. एक, दोन, तीन. दार उघडं.

वन्संना खोकला तेव्हाच लागला होता. आम्ही समजलो, कापडाची धूळ. म्हणून मशीन बंद केलं. आणि दिवसभर एकट्या पडून काय करतील, म्हणून पिंजरा त्यांच्या उशाशी नेऊन ठेवला. हे शहाणपण माझं.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. "कापड नव्हे," त्या म्हणाल्या. "पाखराच्या पिसांतून पांढरी भुकटी झडते, ती ह्यांच्या फुप्फुसाला बाधलीय. पाखरू आजच्या आज घराबाहेर काढा. आणि फडफडू देऊ नका."

घरी आलो. वन्संना आतल्या खोलीत बसवून दार ओढून घेतलं. पक्षीवाला निरोप मिळताच आला. भागूबाई पडद्याच्या दांडीवर बसली होती. मी बिया घेऊन स्टुलावर चढणार, तोवर ह्यांनी घाईघाईनं टॉवेल आणला.

"अहो, नको!"

पण टॉवेल पडला होता. पाखरू छतावर, भिंतीवर, काचेवर आदळलं. खिडकीतल्या उन्हात पीठ चाळल्यासारखी भुकटी तरंगली. आतून खोकल्याची उबळ आली ती थांबेचना.

त्यानंतर तासभर मी हात वर करून उभी राहिले. भागूबाई कपाटावर जाऊन बसली होती. तिथून बिया बघायची, मला बघायची आणि ह्यांच्याकडे बघून पुन्हा आक्रसायची.

"जाळं आणू का?" पक्षीवाल्यानं विचारलं.

"आणखी उडेल ती," मी म्हटलं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. वन्सं नाकातोंडाला ओलं फडकं बांधून आल्या होत्या. फडकं बघताच भागूबाई किंचाळून कपाटावर पार मागे सरकली. वन्सं क्षणभर थांबल्या आणि त्यांनी फडक्याची गाठ सोडली.

"ताई, वेड लागलंय का तुला?" हे ओरडले.

"हळू बोल रे. तूच भागूबाई झालायस."

शीळ घालायला त्यांनी ओठांचा चंबू केला, पण श्वास पुरेना. मग मशीनच्या खणातून अंगुस्तान काढलं आणि गजावर वाजवलं. टक. टक. टक. भागूबाई कपाटावरून उतरली, त्यांच्या बोटावर बसली. वन्संनी श्वास कोंडून धरला होता, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. बोट दाराशी नेलं. पाखरू आत गेलं.

मी दार लावलं.

"एक," वन्सं पुटपुटल्या. "दोन. तीन."

आणि माझ्याकडे बघितलं. माझा हात कडीवरच होता. भागूबाई दाराशी मान पुढे करून उभी होती. तिला ठाऊक होतं, आता उघडणार.

"वा! किती गुणी पाखरू," पिंजरा उचलत पक्षीवाला म्हणाला. "नवीन माणूस उचलतोय, तरी आवाज नाही, फडफड नाही." आणि तो जिना उतरू लागला.

"चार," वन्सं म्हणाल्या. मग खोकला आला.

पाखरू गेलं, पण भुकटीनं करायचं ते करून ठेवलं होतं. अकराव्या दिवशी वन्संना दवाखान्यात न्यावं लागलं. किती दिवस उरलेत ते डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

चाकाच्या खुर्चीतून नेताना वॉर्डच्या दाराशी वन्संनी माझं मनगट धरलं. हसण्याचा प्रयत्न केला. "आत घातलंस की लगेच बाहेर काढायचं, बरं का गं. विसरायचं नाही."

"हो, वन्सं," मी म्हटलं. "लगेच."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले, तर नर्स कौतुकानं सांगत होती, "तुमच्या नणंदबाई किती शांत! नळ्या लावल्या, सुया टोचल्या, पण हूं नाही की चूं नाही. फक्त खाट तेवढी दाराकडे तोंड करून मागितली."

वन्सं दाराकडेच बघत होत्या. मी दिसले तसा त्यांनी हात उचलला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर नखानं तीनदा टकटक केलं.

जपाची वेळ नव्हती. तरी मी पिशवीतून माळ काढली, म्हणजे बोलावं लागू नये.